विंडोजमध्ये वायफाय चालतं, उबंटूमध्ये गायब होतं? नवा डोंगल घेण्याआधी हे तपासा

रात्रीचे साडेदहा वाजलेत. सकाळी प्रोजेक्टचा रिव्ह्यू आहे. विंडोजमधलं ड्रॉइंगचं काम संपवून कॉम्प्युटर रिस्टार्ट केला, उबंटू उघडलं आणि बघतो तर वायफायचं चिन्हच गायब. यूएसबीला लावलेल्या डोंगलचा दिवा चालू आहे, मोबाईलवर नेट धावतंय, रूममेटच्या लॅपटॉपवर रील्स सुरू आहेत. पण उबंटूच्या सेटिंग्जमध्ये एकच ओळ दिसते : 'नो वाय-फाय ॲडॉप्टर फाउंड'.

आकुर्डी, निगडी, पिंपरीकडच्या इंजिनिअरिंगच्या पोरांना हा सीन काही नवा नाही. त्यावर मिळणारे सल्लेही ठरलेले असतात. एक जण म्हणतो, "डोंगल गेला, नवा घे." दुसरा म्हणतो, "फॉरमॅट मार." पहिल्या सल्ल्यात पैसे जातात, दुसऱ्यात डेटा. आणि बऱ्याचदा दोन्हींची गरजच नसते.

कारण ज्यांच्या कॉम्प्युटरवर दोन सिस्टिम आहेत, म्हणजे ज्यांनी ड्युअल बूट केलंय, त्यांच्याकडे बिघाड शोधायचं एक फुकटचं हत्यार असतं. ते कसं वापरायचं, हेच आज समजून घेऊ.

मुळात एका कॉम्प्युटरवर दोन सिस्टिम कशाला?

पिंपरी-चिंचवड ते चाकण हा पट्टा गाड्यांचा आणि सुट्या भागांचा. इथे डिझाइनचं काम सॉलिडवर्क्ससारख्या सॉफ्टवेअरवर चालतं आणि सॉलिडवर्क्स विंडोजवरच चालतं. पण रोबोटिक्स शिकायचं म्हटलं की गाडी उबंटूवर येते. रोबोट प्रोग्रॅम करण्यासाठी जगभर वापरलं जाणारं आरओएस मुख्यतः उबंटूवर चालवलं जातं. त्याची २०२४ ची 'जॅझी' आवृत्ती उबंटू २४.०४ साठी बनलेली आहे. म्हणजे एकाच पोराला सकाळी विंडोज लागतं आणि रात्री उबंटू.

दुसरं कारण जुन्या कॉम्प्युटरचं. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि त्यातल्या त्यात नवा प्रोसेसर लागतो. ज्यांच्या मशिन त्यात बसत नाहीत, त्यातल्या बऱ्याच जणांनी शेजारी लिनक्स टाकून ठेवलं. अशा जुन्या डेस्कटॉपमध्ये वायफाय कार्ड बहुधा नसतंच. राउटर मालकाच्या हॉलमध्ये, वायर ओढायला परवानगी नाही. मग उरतो तो यूएसबी डोंगल.

पहिला प्रश्न : बिघाड एकीकडे आहे की दोन्हीकडे?

हेच ते फुकटचं हत्यार. डोंगल तोच, यूएसबी पोर्ट तोच, राउटर तोच. बदलते ती फक्त सिस्टिम. त्यामुळे,

• विंडोजमध्ये चालतो, उबंटूत नाही : डोंगल जिवंत आहे. भानगड ड्रायव्हरची किंवा सेटिंगची.
• उबंटूत चालतो, विंडोजमध्ये नाही : तरीही डोंगल जिवंतच. विंडोजचा ड्रायव्हर किंवा वीज वाचवण्याची सेटिंग बघा.
• दोन्हीकडे दिसतो, पण स्लो आहे किंवा सारखा तुटतो : पोर्ट, जागा, सिग्नल किंवा राउटर बघा.
• दोन्हीकडे दिसतच नाही : पोर्ट बदला. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर लावून बघा. तिथेही दिसला नाही, तरच डोंगल गेला असं समजा.

बघा, चारपैकी एकाच परिस्थितीत नवा डोंगल घ्यायची वेळ येते.

विंडोज बंद होतं, पण पूर्ण बंद होत नाही

सगळ्यात सोपा उपाय आधी. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली. यात शटडाउन केलं तरी विंडोज आपला गाभा डिस्कवर साठवून ठेवतं, म्हणजे पुढच्या वेळी लवकर सुरू होता येतं. एकट्या विंडोजसाठी हे बरं आहे. पण शेजारी लिनक्स असेल तर गोची होते. डी ड्राइव्ह अर्धवट उघडा राहिल्यासारखा राहतो आणि लिनक्स तो उघडायला नकार देतं किंवा फक्त वाचू देतं.

दुसरी गोष्ट रिस्टार्टची. रिस्टार्ट करताना यूएसबी पोर्टची वीज बहुतेक वेळा जात नाही. विंडोजने डोंगलमधल्या चिपला ज्या अवस्थेत सोडलं, त्याच अवस्थेत ती उबंटूच्या हातात येते आणि कधीकधी प्रतिसादच देत नाही. लाइट जाऊन आल्यावर डोंगल 'आपोआप नीट झाला' असं काही जण सांगतात ना, त्यामागे हेच असू शकतं. वीज गेली की चिप कोऱ्या पाटीने सुरू होते.

मग करायचं काय? कॉम्प्युटर पूर्ण बंद करा, डोंगल काढा, दहा सेकंद थांबा, परत लावा आणि थेट उबंटू सुरू करा. चाललं, तर विंडोजमध्ये जाऊन कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू' उघडा आणि 'टर्न ऑन फास्ट स्टार्टअप'ची खूण काढून टाका. कॉम्प्युटर सुरू व्हायला काही सेकंद जास्त लागतील, एवढंच.

डोंगल स्वतःला सीडी समजतोय का?

टाटा फोटॉनचं डेटा कार्ड आठवतंय? लावलं की आधी 'माय कॉम्प्युटर'मध्ये सीडीसारखा ड्राइव्ह दिसायचा, त्यातून सॉफ्टवेअर टाकायचं आणि मग नेट सुरू व्हायचं. काही वायफाय डोंगल आजही हेच करतात. लावल्याबरोबर ते सीडी असल्याचं सोंग घेतात, कारण त्यांच्या पोटात विंडोजचा ड्रायव्हर भरलेला असतो. ड्रायव्हर टाकून झाला की विंडोज त्यांना वायफायच्या अवतारात आणतं.

उबंटूत हे काम आपोआप झालं नाही, तर डोंगल सीडीच राहतो. फाइल्सच्या खिडकीत डाव्या बाजूला अनोळखी ड्राइव्ह दिसतोय का बघा. दिसला तर त्यावर राइट क्लिक करून 'इजेक्ट' करा, पण डोंगल हाताने उपटू नका. बरेच डोंगल इजेक्ट केल्यावर वायफाय म्हणून परत हजर होतात. दरवेळी हे करायचा कंटाळा येत असेल तर 'यूएसबी मोडस्विच' नावाचं छोटं पॅकेज याच कामासाठी आहे. ते मुळात अशाच डेटा कार्डांसाठी बनलं होतं.

डब्यावरचं नाव नाही, आतली चिप बघा

इतकं करूनही चालत नसेल, तर प्रश्न ड्रायव्हरचा. इथे सगळ्यात मोठा घोळ होतो. लोक कंपनीचं आणि मॉडेलचं नाव टाकून ड्रायव्हर शोधतात. पण ड्रायव्हर मॉडेलसाठी नसतो, आतल्या चिपसाठी असतो. आणि एकाच मॉडेलच्या पोटात वेगवेगळ्या चिप असू शकतात.

टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूएन७२२एन हे याचं प्रसिद्ध उदाहरण. त्याच्या व्हर्जन १ मध्ये अथेरॉसची एआर९२७१ चिप होती. लिनक्समध्ये लावली की चालू. व्हर्जन २ पासून आत रिअलटेकची आरटीएल८१८८ईयूएस आली. नाव तेच, पण लिनक्सच्या दृष्टीने वस्तू पूर्ण वेगळी. व्हर्जन १ बद्दलचा जुना सल्ला वाचून कुणी व्हर्जन २ चा डोंगल घेतला, की झालाच घोळ.

भोसरी-चाकणच्या वर्कशॉपमध्ये काम केलेल्याला हे वेगळं सांगायला नको. पार्ट नंबर तोच असला तरी ड्रॉइंगचा रिव्हिजन नंबर बघितल्याशिवाय कुणी मशिनवर जॉब लावत नाही. डोंगलचंही तसंच आहे. मागच्या स्टिकरवर 'व्हर्जन' किंवा 'व्ही' लिहून पुढे आकडा असतो, तो बघा.

स्टिकर पुसला असेल तर विंडोजकडून माहिती काढा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'नेटवर्क ॲडॉप्टर्स'खाली डोंगलवर राइट क्लिक करा, 'प्रॉपर्टीज', मग 'डिटेल्स', मग 'हार्डवेअर आयडीज' निवडा. तिथे 'व्हीआयडी'पुढे चार आणि 'पीआयडी'पुढे चार अशी आठ अक्षरं दिसतील. ही डोंगलची खरी ओळख. उबंटूच्या टर्मिनलमध्ये एल, एस, यू, एस, बी ही पाच इंग्रजी अक्षरं लहान लिपीत सलग टाइप करून एंटर मारलं, तरी हीच आठ अक्षरं मिळतात. गुगलवर मॉडेलचं नाव टाकण्यापेक्षा ही आठ अक्षरं आणि पुढे 'लिनक्स' असं इंग्रजीत टाका. उत्तर नेमकं मिळेल.

विंडोजमध्ये चालतं मग लिनक्समध्ये का नाही?

विंडोजचा ड्रायव्हर चिप बनवणारी कंपनी लिहून देते. लिनक्समध्ये ड्रायव्हर सहसा कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातच असतात. चिपचा ड्रायव्हर गाभ्यात पोहोचला असेल तर डोंगल लावला की चालतो, काही टाकावं लागत नाही. नसेल पोहोचला, तर तुमची फिरफिर सुरू.

हे ड्रायव्हर गाभ्यात पोहोचवायचं काम बरेचदा स्वतःहून झटणाऱ्या माणसांनी केलंय. लॅरी फिंगर हे त्यातलं मोठं नाव. अमेरिकेतले हे गृहस्थ पेशाने खनिजांच्या स्फटिकांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ. 'फिंगराइट' नावाचं एक खनिज त्यांच्याच नावावर आहे. निवृत्तीनंतर त्यांनी लिनक्सच्या वायफाय ड्रायव्हरचं काम हाती घेतलं आणि रिअलटेकच्या चिपसाठी वर्षानुवर्षं खपले. जून २०२४ मध्ये वयाच्या ८४ व्या वर्षी ते गेले. आपल्याकडचा एखादा स्वस्तातला डोंगल उबंटूत विनातक्रार चालतो, तेव्हा त्यामागे अशा लोकांचे कष्ट असू शकतात.

आता कामाची गोष्ट. रिअलटेकच्या ८८२१सीयू आणि ८८२२बीयू या चिपांचा यूएसबी ड्रायव्हर २०२३ मध्ये कर्नल ६.२ मध्ये आला. ८८१२एयू आणि ८८२१एयू यांचा २०२५ च्या कर्नल ६.१४ मध्ये आहे. उबंटू २४.०४ निघालं तेव्हा त्यात कर्नल ६.८ होता, ऑगस्ट २०२५ च्या २४.०४.३ मध्ये ६.१४ आला. म्हणजे काही जणांचा प्रश्न सिस्टिम अपडेट केल्यावरच सुटू शकतो. तुमचा कर्नल कुठला, ते सेटिंग्जमधल्या 'अबाउट'मध्ये सिस्टिमच्या तपशिलात दिसतं.

खात्री करायची असेल तर नवं उबंटू पेनड्राइव्हवर घ्या आणि इन्स्टॉल न करता 'ट्राय उबंटू' निवडा. तिथे डोंगल चालला, तर उत्तर मिळालं. तुमच्या हार्ड डिस्कला हातही लागत नाही.

पण नेटच नाही, तर अपडेट आणायचं कसं?

ड्रायव्हरसाठी नेट हवं आणि नेटसाठी ड्रायव्हर हवा, असा हा तिढा. सुटका मोबाईलमध्ये आहे. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलने कॉम्प्युटरला जोडा आणि फोनच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. उबंटूला ते वायरचं नेट म्हणून दिसतं, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. फोन रूमच्या वायफायला जोडलेला असेल तर सहसा तेच नेट केबलने पुढे जातं, मोबाईल डेटा खर्च होत नाही. फक्त केबल डेटावाली हवी. काही स्वस्त केबल नुसत्या चार्जिंगच्या असतात.

घाईच्या रात्री तर हाच उपाय आधी करा. रिव्ह्यू होऊन जाऊ दे, डोंगलकडे नंतर निवांत बघता येईल.

ड्रायव्हर बाहेरून टाकावाच लागला, तर आधी उबंटूच्या स्वतःच्या सॉफ्टवेअर भांडारात शोधा. तिथे नसेल तरच गिटहबसारख्या ठिकाणी जा आणि शेवटचा बदल अलीकडचा आहे का, ते तपासा. व्हिडिओखालच्या कमेंटमध्ये कुणीतरी दिलेली कमांड डोळे झाकून चिकटवू नका. ड्रायव्हर सिस्टिमच्या गाभ्यात शिरतो. तिथे कुणाला प्रवेश देतोय, ते माहीत असायला हवं.

ड्रायव्हर टाकला, एरर नाही, तरी वायफाय नाही

इथे संशयित असतो 'सेक्युअर बूट'. सही नसलेला कुठलाही कोड कॉम्प्युटर सुरू होताना गाभ्यात शिरू नये, म्हणून ही सोय. बाहेरून टाकलेल्या ड्रायव्हरवर ओळखीची सही नसते, म्हणून तो दारातच अडवला जातो. विंडोजच्या 'सिस्टिम इन्फर्मेशन'मध्ये 'सेक्युअर बूट स्टेट' चालू आहे का, ते दिसतं.

ड्रायव्हर टाकताना उबंटू बऱ्याचदा एक पासवर्ड ठरवायला सांगतं. तो लिहून ठेवा. रिस्टार्ट केल्यावर निळा स्क्रीन येतो आणि कुठलंही बटन दाबायला साधारण दहा सेकंद देतो. अनेक जण नेमके इथे चुकतात. व्हायरस समजून घाबरतात किंवा तोवर चहा आणायला गेलेले असतात. वेळ गेली की कॉम्प्युटर नेहमीसारखा सुरू होतो आणि ड्रायव्हर अडकलेलाच राहतो. त्या स्क्रीनवर 'एनरोल एमओके', मग 'कंटिन्यू', मग 'यस' निवडायचं, तोच पासवर्ड टाकायचा आणि रिस्टार्ट करायचं.

"सेक्युअर बूट बंदच कर ना," असाही सल्ला मिळेल. ते जमतं, पण जपून. विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू असेल, तर हा बदल केल्यावर विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं. ती जवळ नसेल तर वायफायच्या नादात अख्ख्या डेटाला मुकाल. आधी की शोधून ठेवा, मगच बायॉसला हात लावा.

काल चालत होतं, आज अचानक बंद

उबंटूने रात्रीत कर्नल अपडेट केला असेल. बाहेरून टाकलेला ड्रायव्हर जुन्या कर्नलसाठी बनलेला असतो, नव्यात तो बसत नाही. तपासणं सोपं आहे. कॉम्प्युटर सुरू होताना जिथे उबंटू की विंडोज विचारतात, तिथे 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स फॉर उबंटू' निवडून आधीचा कर्नल सुरू करा. तिथे वायफाय आलं तर कारण सापडलं. कायमचा उपाय म्हणजे ड्रायव्हर 'डीकेएमएस' पद्धतीने टाकणं. मग दर नव्या कर्नलसोबत तो आपोआप नव्याने बनतो.

उलटंही होतं. विंडोज अपडेटनंतर विंडोजमध्येच वायफाय जातं. तेव्हा डिव्हाइस मॅनेजरमध्ये डोंगलच्या प्रॉपर्टीजमधलं 'रोल बॅक ड्रायव्हर' वापरा. शिवाय 'पॉवर मॅनेजमेंट'मध्ये वीज वाचवण्यासाठी डोंगल बंद करायची परवानगी असेल, तर ती खूण काढून टाका.

दोन्हीकडे स्लो असेल तर?

मग सॉफ्टवेअरमध्ये डोकं घालू नका, टेबलाखाली बघा. डोंगल सीपीयूच्या मागे भिंतीकडे लावलेला असतो. पुढे पत्र्याचा डबा, मागे भिंत. पत्र्याच्या शेडमधल्या ऑफिसात तर सिग्नलची आणखी परीक्षा.

त्यात निळे यूएसबी ३.० पोर्ट. त्यांच्यातून डेटा धावताना निघणारा रेडिओ गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायमध्ये अडथळा आणतो, हे इंटेलने २०१२ मध्येच सविस्तर मांडलं होतं. शेजारच्याच पोर्टला हार्ड डिस्क लावून कॉपी चालू असेल तर नेट रडणारच. उपाय साधा : एखाद्या मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन केबल घ्या आणि डोंगल टेबलावर उघड्यावर ठेवा.

आणि एक. राउटरचं 'फाइव्ह जी' लिहिलेलं नाव दिसत नसेल, तर डोंगल फक्त २.४ गिगाहर्ट्झवाला आहे का बघा. नखाएवढे अनेक स्वस्त डोंगल तसेच असतात. हे फाइव्ह जी म्हणजे ५ गिगाहर्ट्झ, मोबाईलच्या ५जीशी त्याचा संबंध नाही.

साडेपाच तासांचं कोडं

उबंटूतून विंडोजमध्ये आलात आणि घड्याळ साडेपाच तास मागे? बॅटरी गेलेली नाही. कॉम्प्युटरमधलं घड्याळ लिनक्स जागतिक वेळेवर ठेवतं, विंडोज त्याला स्थानिक वेळ समजतं. भारताची वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे, म्हणून नेमका तेवढाच फरक. वेळ चुकली की काही साइट आणि लॉगिन अडू शकतात आणि बोल लागतो डोंगलला. विंडोजच्या तारीख-वेळ सेटिंगमध्ये 'सिंक नाऊ' दाबा, आधी ते करून बघा.

आणि नवा घ्यायचाच असेल तर

डब्यावर 'लिनक्स सपोर्ट' लिहिलंय म्हणून खूश होऊ नका. शेजारी बारीक अक्षरात कर्नलचा आकडा असेल तर तो वाचा, तो बराच जुना असू शकतो. दुकानदाराला ब्रँड नाही, चिप विचारा. मीडियाटेकच्या एमटी७६०१यू, एमटी७६१०यू आणि एमटी७६१२यू या चिपांचे ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यात कित्येक वर्षांपासून आहेत. पहिली फक्त २.४ गिगाहर्ट्झची, पुढच्या दोन ५ गिगाहर्ट्झही पकडणाऱ्या. ऑनलाइन घेताना परत करायची मुदत बघा आणि डबा आल्या दिवशीच दोन्ही सिस्टिममध्ये लावून तपासा.

थोडक्यात काय, तर एका सिस्टिममध्ये चालणारा डोंगल मेलेला नसतो. आधी वीज काढून बघा, मग चिप ओळखा, मग ड्रायव्हरच्या मागे लागा. बाजारात जायची वेळ या सगळ्यानंतर. आणि "फॉरमॅट मार" म्हणणाऱ्या मित्राला ही लिंक पाठवून द्या.